राज्य करण्याचा हक्क कुठून येतो : सनदेतून की शीलातून? (रेनेसाँस इटलीतला वाद)

शिलालेख

पादुआ या एकाच शहराशी जोडलेल्या दोन लिखाणांपासून सुरुवात करतो. १३२४ मध्ये पादुआच्या मार्सिलियसने ‘डिफेन्सोर पाचिस’ हा ग्रंथ पूर्ण केला. कायदा करण्याचा मूळ अधिकार नागरिकांच्या समुदायाचा किंवा त्यातल्या वजनदार भागाचा, आणि राज्यकर्ता त्यांनी नेमलेला, असं त्याने त्यात ठामपणे मांडलं. त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, नोव्हेंबर १३७३ मध्ये, पादुआजवळच्या आर्क्वा गावातून वृद्ध कवी-विद्वान पेत्रार्कने पादुआचा सत्ताधीश फ्रान्चेस्को दा कारारा याला एक लांबलचक पत्र लिहिलं. राज्यकर्ता कसा असावा, हा त्याचा विषय.

पत्र वाचण्यासारखं आहे. लोकांनी तुझ्यावर प्रेम करावं, त्यांना तुझी भीती वाटू नये. प्रजेचा बाप हो. कर लादताना हात आखडता घे. विद्वानांना जवळ कर. आणि मग तो एकदम रस्त्यावर उतरतो. शहरात डुकरं मोकाट फिरतात, त्यांचा बंदोबस्त कर. रस्ते दुरुस्त कर. आसपासच्या दलदलीतलं पाणी काढून जमीन कोरडी कर. शीलाबद्दल बोलणारा माणूस गटारं आणि रस्त्यांपर्यंत येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या लेखी सद्गुण म्हणजे देवघरातली गोष्ट नव्हती, रोजचा कारभार होता.

पण तुला हा अधिकार दिला कोणी, हा मार्सिलियसचा प्रश्न पत्रात कुठेच नाही. विचारला असता तर अवघड झालं असतं. फ्रान्चेस्कोच्या बापाने १३४५ मध्ये आधीच्या सत्ताधीशाचा खून करून पादुआ घेतलं होतं. खुद्द फ्रान्चेस्कोने १३५५ मध्ये स्वतःच्या काकाला, याकोपिनोला, कैदेत टाकून वाटेकरी संपवला होता. पेत्रार्कला हे सगळं ठाऊक होतं.

हा पेत्रार्कचा भ्याडपणा होता असं मी मानत नाही. त्या काळच्या इटलीत निर्दोष सनद जवळपास कोणाकडेच नव्हती. सम्राट आल्प्सपलीकडे, पोप १३०९ पासून दक्षिण फ्रान्समधल्या आविन्योंला. पदव्या विकत मिळत. गियान गालेआत्सो व्हिस्कोन्तीने पुढे १३९५ मध्ये जर्मन राजा वेन्सेस्लासला एक लाख फ्लोरिन मोजून मिलानची ड्यूकची पदवी घेतली. कागद विकत मिळतो म्हटल्यावर कागद पाहून माणूस पारखता येत नाही. मग काय पाहायचं? तो वागतो कसा, हे. पेत्रार्क आणि त्याच्या मागून आलेल्या मानवतावादी (ग्रीक-रोमन ग्रंथांतून शील घडवू पाहणाऱ्या) विद्वानांनी अधिमान्यतेचा, म्हणजे राज्य करण्याच्या हक्काचा, प्रश्न सनदेवरून वर्तनावर आणला, तो असा.

ही चाल गंभीर होती आणि बऱ्याच अंशी बरोबरही होती, असं माझं मत आहे. माझी अडचण पुढची आहे. राज्यकर्त्याचं शील हाच त्याचा हक्क असेल, तर ते शील तपासणार कोण? पेत्रार्कला राहायला जागा कारारांच्या कृपेने मिळाली होती. चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय. विरोधी मतं जरूर मांडा.

वकीलीण

विषय आवडला, पण कायदेपंडितांवर थोडा अन्याय झालाय. वर्तनाची कसोटी पेत्रार्कच्या पत्राआधीच कायद्यात आलेली होती. पेरुजियात शिकवणारा बार्तोलस (मृत्यू १३५७) याने जुलूमशाहीवर एक छोटा प्रबंध लिहिला. त्यात त्याने दोन प्रकारचे जुलूमशहा वेगळे काढले. एक, ज्याच्याकडे हक्कच नाही. दुसरा, ज्याच्याकडे हक्क आहे पण जो तो जुलमाने वापरतो. म्हणजे सनद शाबूत असूनही माणूस वागणुकीमुळे जुलूमशहा ठरू शकतो, हे एका कायदेपंडिताने स्वच्छ लिहून ठेवलंय.

तिथेही तो थांबत नाही. ओळखायचं कसं, त्याच्या खुणा देतो. शहरातल्या कर्त्या माणसांना संपवणं, विद्या आणि विद्वानांवर गदा, लोकांना एकत्र जमू न देणं, हेर पेरणं, प्रजेला कंगाल ठेवणं, परक्या सैनिकांचा पहारा, शहरात तट पाडून ते टिकवणं. या खुणा मूळ अ‍ॅरिस्टॉटलच्या, पण बार्तोलस त्यांच्याकडे वकिलाच्या नजरेने बघतो. प्रत्येक खूण सारख्या वजनाची नाही, असं तो म्हणतो. शहराची संपत्ती वाढू नये म्हणून कोणी एखादी गोष्ट केली, की तिच्यामागे दुसरं सबळ कारण होतं, हे पाहावं लागतं. शहरात फूट ठेवणं आणि प्रजेला जिवानिशी, पैशानिशी पिळणं, या खुणांना तो सर्वांत पक्क्या मानतो.

आणखी एक गोष्ट, जी मानवतावाद्यांकडे क्वचित सापडते. जुलूमशहाच्या काळात झालेले हुकूम, करार, खटले यांचं पुढे काय करायचं? कुठले रद्द, कुठले चालू? सामान्य माणसाचं घर-शेत या उत्तरावर अवलंबून असतं. शीलाच्या गप्पांत हा प्रश्न हरवतो.

शिलालेख

@वकीलीण, मान्य. बार्तोलसची बाजू तुम्ही माझ्यापेक्षा नेमकी मांडलीत. मात्र तुमच्या उत्तरातही तीच फट उरते. खुणा आहेत, पण खटला चालवणार कोण? बार्तोलसच्या चौकटीत शेवटी वरिष्ठ लागतो, सम्राट नाही तर पोप. आणि ते दोघेही या जुलूमशहांना पैसे घेऊन ‘प्रतिनिधी’ नेमत होते. बार्तोलसलाही हे दिसत होतं.

फ्लॉरेन्सचा चान्सलर कोलुच्चो सालुताती १४०० मध्ये याच विषयावर लिहितो, तेव्हा तो बार्तोलसचीच विभागणी घेतो आणि सीझरला सोडवतो. सीझरने सत्ता शस्त्राने घेतली खरी, पण नंतर त्याने दाखवलेली क्षमाशीलता, त्याला मिळालेले मान आणि लोकांची मान्यता यांमुळे तो जुलूमशहा राहिला नाही, म्हणून कवी दांतेने आपल्या काव्यात सीझरच्या मारेकऱ्याला, ब्रूटसला, नरकाच्या तळाशी टाकलं ते योग्यच, असा सालुतातीचा निष्कर्ष. प्रजासत्ताकाचा सर्वोच्च लेखनिक हे लिहितो, ही साधी गोष्ट नाही. वाईट मार्गाने आलेली सत्ता चांगल्या वर्तनाने धुऊन निघते, इतका पल्ला त्या विचाराने गाठला होता.

तिसरा प्रहर

धुऊन निघते, तशी बरबटतेही. मिलानचं उदाहरण घ्या.

फ्रान्चेस्को स्फोर्झा हा भाडोत्री सैन्याचा सेनापती. १४४७ मध्ये शेवटचा व्हिस्कोन्ती ड्यूक वारला तेव्हा मिलानच्या लोकांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. ते तीन वर्षं कसंबसं चाललं. १४५० मध्ये स्फोर्झाने शहराची रसद तोडून, उपाशी ठेवून ते ताब्यात घेतलं. त्याची बायको आधीच्या ड्यूकची अनौरस मुलगी, एवढाच त्याचा वारसा. सम्राटाने त्याला ड्यूक म्हणून कधीच मान्यता दिली नाही. तरी त्याने राज्य नीट चालवलं आणि लोकांनी ते स्वीकारलं. इथपर्यंत सालुताती बरोबर.

मग मुलगा गालेआत्सो मारिया आला. क्रूर, लहरी, बायकांच्या अब्रूवर उठलेला. मिलानमध्ये कोला मोन्तानो नावाचा लॅटिनचा शिक्षक होता. तो आपल्या विद्यार्थ्यांना रोमन इतिहास शिकवताना जुलूमशहाला मारणाऱ्यांचं थोरपण मनावर बिंबवत असे. २६ डिसेंबर १४७६ रोजी सान्तो स्तेफानो चर्चमध्ये तिघांनी ड्यूकला भोसकलं. त्यातला ओल्ज्याती मोन्तानोचा विद्यार्थी. सद्गुणांचं शिक्षण राजपुत्रालाच मिळेल आणि तोच सुधारेल, असं त्या विद्वानांनी धरलं होतं. वर्गात बाकीची मुलंही बसलेली असतात.

आणि पुढे काय झालं? तिघांतला लाम्पुन्यानी तिथेच मारला गेला, त्याचं प्रेत रस्त्यांतून फरफटत नेलं. ज्या लोकांसाठी हे केलं ते उठलेच नाहीत. फ्लॉरेन्सचा राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली याने ‘फ्लॉरेन्सचा इतिहास’मध्ये हा प्रसंग लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलंय. कट नीट रचला, धाडसाने पार पाडला, पण जे पाठीशी उभे राहतील असं वाटलं होतं ते ना मागे आले ना बचावाला. ड्यूक नालायक होता यावर लोकांचं एकमत असेलही, पण ते मत व्यक्त करायला चाकूखेरीज काही नव्हतं.

अक्षरओळख

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आम्हाला पुस्तकात दोन ओळींत शिकवतात: आधीचे सगळे राजाला उपदेश करणारे, मग मॅकियाव्हेलीने राजकारण नीतीपासून वेगळं केलं. वरचं वाचून ते फार घाईने लिहिलंय असं वाटायला लागलंय. दोन प्रश्न आहेत. एक, मॅकियाव्हेली या वादात नक्की कुठे बसतो? दोन, फ्लॉरेन्ससारखी प्रजासत्ताकं होती, तर ‘लोकांची संमती’ हे उत्तर त्यांना का सुचलं नाही? मार्सिलियसला तर सुचलं होतं.

गोदाकाठ

मॅकियाव्हेलीकडे जायच्या आधी माझ्या आवडत्या माणसाबद्दल लिहितो, कारण शीलाचा सिद्धान्त प्रत्यक्षात उतरला असेल तर तो उर्बिनोत.

फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो. जन्म १४२२, अनौरस. गादी सावत्र भाऊ ओद्दान्तोनियोची. तो तरुण ड्यूक इतका बेबंद वागला की जुलै १४४४ मध्ये उर्बिनोच्या नागरिकांनीच त्याला ठार केलं. फेदेरिको वेशीवर आला, पण आत येण्याआधी नागरिकांनी त्याच्याशी लेखी करार केला: खून करणाऱ्यांचा सूड घ्यायचा नाही, करांचा बोजा कमी करायचा. त्याने कबूल केलं आणि मगच दरवाजे उघडले. हक्क नाही, वारसा कच्चा, पण अटी घातलेल्या आणि पाळलेल्या. अक्षरओळख, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर यात आहे.

पुढे अडतीस वर्षं त्याने राज्य केलं. ग्रंथविक्रेता वेस्पासियानो दा बिस्तिच्चीने त्याचं चरित्र लिहिलंय. ड्यूक शहरातून शस्त्राविना फिरतो, दुकानदारांची विचारपूस करतो, कोणाचाही अर्ज ऐकतो. त्याची हस्तलिखितांची लायब्ररी इटलीतल्या सर्वोत्तम संग्रहांपैकी. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्राच्या मागच्या बाजूला तो रथात बसलाय आणि सोबत न्याय, विवेक, धैर्य, संयम या चार सद्गुणांच्या मूर्ती आहेत. भाडोत्री सेनापतींच्या त्या बाजारात दिलेला शब्द पाळणारा म्हणून त्याची ख्याती होती. असा माणूस घडू शकतो हे ज्या विचाराने दाखवलं, त्याला भाबडा म्हणायला मी तयार नाही.

शिलालेख

@गोदाकाठ, १४४४ चा करार मलाही त्या शतकातली मोठी गोष्ट वाटते. पण वेस्पासियानोचं चरित्र वाचताना एवढं लक्षात ठेवायला हवं, की ती लायब्ररी उभी करण्यात वेस्पासियानोचा स्वतःचा मोठा हात होता. फेदेरिको त्याचं मोठं गिऱ्हाईक होता.

१४७२ मध्ये फ्लॉरेन्सच्या पैशावर फेदेरिकोने व्होल्तेरा शहराला वेढा घातला. शहर अटींवर शरण आलं आणि तरीही त्याच्या सैन्याने ते लुटलं. वेस्पासियानो म्हणतो, त्याने ते थांबवायचा प्रयत्न केला. कदाचित केला असेल. मग १४७८. २६ एप्रिलला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये शहरावर पडद्याआडून सत्ता चालवणाऱ्या मेदिची घराण्यातला जुलियानो कट करून मारला गेला, त्याचा भाऊ लोरेन्झो जखमी होऊन वाचला. त्या कटात फेदेरिको सामील होता, फ्लॉरेन्सवर चालून जायला त्याने माणसं तयार ठेवली होती, हे त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या त्याच्या सांकेतिक पत्रावरून कळलं. ते पत्र उलगडलं ते आपल्या या शतकात. सव्वापाचशे वर्षं सगळ्यांनी चार सद्गुणांचा रथच पाहिला.

मी फेदेरिकोला खोटा ठरवत नाही. उर्बिनोच्या माणसाला त्याचं राज्य खरोखर सुखाचं होतं. पण शील हीच अधिमान्यता म्हटली की शीलाचा पुरावा म्हणजे स्तुती, आणि स्तुती लिहिणारे दरबारातले. १४३५ चा सीझर की स्किपियो हा वाद बघा. फ्लॉरेन्सचा पोज्जो प्रजासत्ताकाच्या सेवकाला, स्किपियोला, थोर म्हणतो. फेर्रारात एस्ते घराण्याच्या पदरी असलेला ग्वारिनो सीझरला. दोघंही प्रामाणिक विद्वान, दोघंही आपापल्या अन्नदात्याच्या बाजूला.

@अक्षरओळख, इथे मॅकियाव्हेली येतो, आणि पुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा वेगळा येतो. १४९८ ते १५१२ तो फ्लॉरेन्सच्या कचेरीत होता. मेदिची परतल्यावर नोकरी गेली, १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात हात मागे बांधून दोरीने टांगलं. त्याच वर्षी त्याने ‘प्रिन्स’ लिहिलं. त्यातला पंधरावा, सतरावा, अठरावा अध्याय म्हणजे पेत्रार्कच्या पत्राला दिलेलं थेट उत्तर वाटावं: प्रेमापेक्षा भीती भरवशाची, शब्द पाळणं परवडत नसेल तर पाळू नये. सगळे एवढंच वाचतात. पण त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात सिराक्यूजच्या आगाथोक्लिसचं सगळं कर्तृत्व मान्य करूनही, आपल्याच नागरिकांची कत्तल करणाऱ्या या माणसाला थोरांच्या पंगतीत बसवायला तो नकार देतो. आणि विसाव्यात म्हणतो, लोकांनी द्वेष न करणं हाच सर्वांत चांगला किल्ला.

माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र त्याच्या ‘डिस्कोर्सेस’मध्ये आहे. पहिल्या भागाच्या दहाव्या प्रकरणात तो सांगतो, की सीझरची स्तुती ऐकून फसू नका. स्तुती करणारे त्याच्या भाग्याने भ्रष्ट झालेले आहेत आणि साम्राज्याच्या लांबीने घाबरलेले. मोकळे असते तर काय लिहिलं असतं ते पाहायचं असेल, तर रोमन प्रजासत्ताकाविरुद्धचा फसलेला कट करणाऱ्या कातिलिनाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आधीच्या शंभरदीडशे वर्षांच्या उपदेशपर वाङ्मयावर याहून जळजळीत टीका माझ्या वाचनात नाही. आणि सातव्या प्रकरणात तो उपाय देतो. नागरिकाला सत्तेवरच्या माणसावर उघड, अधिकृत आरोप करता आला पाहिजे, ठरलेल्या सभेपुढे. ती सोय नसेल तर लोक कुजबुज आणि खंजीर यांकडे वळतात. तिसरा प्रहर यांनी सांगितलेलं मिलान म्हणजे हेच. शीलाचा प्रश्न त्याने सोडला नाही, त्याला न्यायासन शोधलं, असं मी वाचतो.

संमतीबद्दल: सुचलं होतं, पण तेही सोपं निघालं नाही. फ्लॉरेन्समध्ये पात्र नागरिकांची नावं पिशव्यांत भरून त्यातून चिठ्ठ्या काढत, नऊ जणांची सिन्योरिया, म्हणजे शहराचं सर्वोच्च मंडळ, दोन महिन्यांपुरती बसे. कागदावर यापेक्षा सुरक्षित काय असेल? १४३४ नंतर मेदिचींनी एकही कायदा उघडपणे न मोडता, पिशव्यांत कोणती नावं जातात ते ठरवणारे लोक आपले ठेवले. पद्धत शाबूत, सत्ता एका घरात. म्हणून ‘पद्धत बघू नका, माणूस बघा’ म्हणणाऱ्यांचं बोलणं लोकांना पटत होतं.

मांडवीकाठ

या वादाचं एक टोक आमच्या गोव्यात आहे, म्हणून लिहिते.

दोम जुवांव द कास्त्रो हा पोर्तुगीज गव्हर्नर याच विद्येत वाढलेला: गणित, भूगोल, रोमन आदर्श. १५४६ मध्ये दीवचा वेढा उठवला, त्यात त्याचा मुलगा फेर्नांदो मेला. किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते. नोव्हेंबर १५४६ मध्ये त्याने गोव्याच्या नगरसभेला पत्र लिहून कर्ज मागितलं. तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवायच्या होत्या, पण प्रेत त्या अवस्थेत नव्हतं, म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. माझ्याकडे सोनं-चांदी, मालमत्ता काही नाही, माझी सचोटी तेवढी आहे, असा त्याचा आशय. कर्ज मिळालं. १५४७ मध्ये तो गोव्यात परतला तो रोमन सेनापतीसारखी विजययात्रा काढून.

शीलावर कर्ज मिळतं याचा एवढा शब्दशः दाखला मला दुसरा माहीत नाही. पण ती नगरसभा पोर्तुगीज नागरिकांची. तिसवाडीच्या गावकऱ्यांना कास्त्रोचं शील कुठे तपासायला मिळालं? त्यांची देवळं १५४० मध्येच पाडलेली. त्यांच्याशी राज्याचं नातं होतं ते १५२६ च्या सनदेतून, ज्यात गावकऱ्यांचे जुने रिवाज नोंदवून घेतले आणि त्यांनी भरायचा सारा ठरवला. पुढे अन्याय झाला तेव्हा गावकरी त्या लेखी रिवाजांकडेच बोट दाखवू शकत होते, कास्त्रोच्या दाढीकडे नाही. सत्ताधीशाचा सद्गुण ज्यांना दिसतो ते लोक आणि ज्यांच्यावर राज्य होतं ते लोक वेगळे असले, तर या सगळ्या सिद्धान्ताचा पायाच सरकतो. पेत्रार्क किंवा सालुतातीकडे याचं उत्तर आहे असं मला वाटत नाही.

गोदाकाठ

मांडवीकाठ, तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि मी त्यावर विचार करतोय. तरी एक सांगतो. डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये तरुण राजपुत्र चार्ल्ससाठी (पुढचा सम्राट पाचवा चार्ल्स) राजपुत्राच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं, त्यात तो अगदी व्यवहारी बोलतो: जिथे राजा निवडता येतो तिथे निवडताना पारखा, जिथे तो जन्मानेच येतो तिथे सगळी भिस्त त्याला कोण शिकवतं यावर. युरोपच्या बहुतेक जनतेला दुसरा मार्गच नव्हता. सभा नाही, आरोप करायची सोय नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या कानावर कोणीतरी ‘युद्ध टाळ, कर कमी कर’ हे घालणं, एवढीच खिडकी उघडी होती. ती वापरणाऱ्यांना दरबारी म्हणून बाजूला सारू नका, एवढंच म्हणणं.

वकीलीण

‘तपासणार कोण’ याचं एक प्रत्यक्षातलं उत्तर व्हेनिसने दिलं, ते इथे नोंदवते. तिथे डोज, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, आजन्म निवडलेला, पण निवडताना त्याच्याकडून शपथपत्र घेत, आणि प्रत्येक निवडणुकीआधी एक समिती त्या शपथपत्रात दुरुस्त्या करी. आधीच्या डोजने शोधलेली पळवाट पुढच्यासाठी बंद. मारिनो फालिएरोने सत्ता बळकवायचा कट केला तेव्हा एप्रिल १३५५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. १५०१ पासून तिघा तपासनिसांची नेमणूक सुरू झाली. डोज वारला की त्यांनी त्याच्या कारभाराची आणि हिशेबांची चौकशी करायची, आणि दोष सापडला तर दंड वारसांनी भरायचा. लेओनार्दो लोरेदान हा बेल्लिनीच्या चित्रातला प्रसिद्ध डोज, १५२१ मध्ये वारला, त्याच्या वारसांनाही दंड बसला.

व्हेनिसची सत्ता मूठभर घराण्यांची होती, मांडवीकाठ यांचा आक्षेप तिथेही लागू आहे. पण राज्यकर्त्याच्या शीलाची चौकशी स्तुती न लिहिता हिशेबाची वही उघडून करता येते, एवढं त्यांनी करून दाखवलं.

अक्षरओळख

सगळ्यांचे आभार. ‘डिस्कोर्सेस’चं पहिल्या भागातलं सातवं आणि दहावं प्रकरण आजच वाचायला घेते. एक विचारायचं राहिलं: उघड आरोपाची सोय असली, पण आरोप ऐकणारी सभाच मेदिचींच्या पिशव्यांसारखी एका बाजूची असली, तर मॅकियाव्हेली काय म्हणतो?

शिलालेख

@अक्षरओळख, त्याच सातव्या प्रकरणात आहे. आरोप ऐकणारे न्यायाधीश पुष्कळ हवेत, कारण थोडे असले की ते थोड्यांच्याच मर्जीने चालतात. फ्लॉरेन्समध्ये आठ जणांपुढे बलवान माणसावर आरोप करून भागत नव्हतं, असं तो स्वतःच्या शहराबद्दल लिहितो. पुष्कळ म्हणजे किती, आणि त्यात कोण बसणार, यावर अठरावं आणि पंचावन्नावं प्रकरण सोबत वाचा. ते वाचून झालं की इथेच लिहा, तिथून पुढे बोलू.